झेरॉक्सबाईंची मोकळी जागा

परवा भावकीतल्या एका लग्नाची पत्रिका घरी आली. पत्रिका कसली, चांगली जाडजूड वहीच होती. वर नवरानवरी, त्यांच्या डोक्यावर देव, देवांच्या डोक्यावर आजी-माजी पुढारी, आणि खाली उरलेल्या जागेत मुंग्यांसारखी वळवळणारी नावं. सोनेरी वेलबुट्टी, तिच्यावर लाल अक्षरं, अक्षरांना पिवळी कड आणि त्या कडेलाही सावली. मी ती दोन बोटांत धरून उघडली आणि तशीच लांब धरली. आई म्हणाली, "काय गं, तोंड का वाकडं करतीस? येवढी भारी पत्रिका हाय." भारी! मी उठून हात धुऊन आले. ही खोड मला माझ्या बाईंनी लावली. चांगलं काय ते ओळखायला शिकवायच्या आधी त्यांनी मला किळस करायला शिकवलं, आणि ते एकदा अंगात भिनलं की सुटत नाही.

बाईंचं नाव कालिंदी शेवडे. आमच्या गावात, नांद्यात, हे नाव कुणालाही ठाऊक नव्हतं. माझ्या वडिलांनी, आप्पांनी, रस्त्याकडेचं भाताचं खाचर बुजवून तिथं गाळे काढले होते. पहिल्यात चिकनचं दुकान, दुसऱ्यात मोबाइलवाला आणि तिसऱ्यात बाईंचं झेरॉक्स आणि डीटीपी. म्हणून गावानं त्यांना झेरॉक्सबाई करून टाकलं. पुण्यात पेठेतल्या एका छापखान्यात त्यांनी उभं आयुष्य काढलं होतं. तो बंद पडला तेव्हा स्वस्तात मिळाली म्हणून आमच्या गावातली एक खोली-स्वयंपाकघराची जागा घेतली आणि एकट्याच इकडं आल्या. साठीला टेकलेल्या, बुटक्या, पाठीत वाकलेल्या. बोलणं तुटक आणि बहुतेक वेळा नाक मुरडूनच.

आता ज्या बाईला सगळ्या जगाची किळस, ती स्वतः किती टापटीप असेल असं कुणालाही वाटेल. अहो, कसलं काय! बाई तपकीर ओढायच्या. दोन बोटांची टोकं कायम तपकिरी. त्याच बोटाला थुंकी लावून पान उलटायच्या. शिंक आली तर समोर प्रूफ आहे का गिऱ्हाईक, काही बघायच्या नाहीत. टेबलाखाली चहाचे कप, त्यांत बुरशी. कटिंगच्या कागदाच्या पट्ट्या गुडघ्यापर्यंत साठलेल्या आणि त्यांत पालीची लेंडकं. सुरुवातीला मी घरून पाण्याची बाटली न्यायचे, त्यांच्या माठातलं पाणी माझ्या घशाखाली उतरायचं नाही. अशा त्या गचाळ टेबलावर बसून बाई जगातल्या प्रत्येक छापील कागदाला म्हणायच्या, "शी!"

मी त्यांच्याकडं गेले ते शिकायचं म्हणून नाही. कॉलेजात दांडी उडाली होती. घरात लोळत पडायचे. आप्पा एकदा तापले आणि म्हणाले, "हितं लोळण्यापरीस खाली त्या बाईकडं बसत जा. कम्प्युटर तरी शिकशील. न्हाईतर पोरगं बघतो." दुसरं ऐकलं आणि मी पहिल्याला तयार झाले.

पहिल्याच दिवशी बाईंनी मला एका सत्यनारायणाचं निमंत्रण करायला दिलं आणि स्वतः बँकेत गेल्या. मी जीव ओतला. मशीनमध्ये जेवढे फॉन्ट होते तेवढे एकेका ओळीला वाटून टाकले, कुणावर अन्याय नको. चारी कोपऱ्यांत गुलाब. मध्ये कलश, कलशाला किरणं. बाई आल्या, चष्मा कपाळावर चढवून त्यांनी पडद्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता शाबासकी.

"शी! कुणी ओकलंय का इथं?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंनी तिकडं लक्षच दिलं नाही. गुलाब पुसायला लावले, कलश पुसायला लावला. एक सोडून बाकी सगळे फॉन्ट काढायला लावले. मग त्या एका फॉन्टमध्ये तोच मजकूर मी मांडत बसले, वर घे, खाली घे, दोन ओळींत अंतर सोड. संध्याकाळी कागद छापला. साधा, पांढरा, मधोमध काळी अक्षरं. गिऱ्हाईक म्हणालं, "आवो बाई, ह्यो तर दहाव्याचा कागद वाटतुया!" आणि गुलाब लावून घेऊन गेलं. बाई मला म्हणाल्या, "बघितलंस? आपलं काम चांगलं करणं आणि ते कुणाला नको असणं, दोन्ही एकाच दिवशी शिकलीस. चहा टाक."

त्यांचं शिकवणं असंच. फळा नाही, वही नाही, समजावून सांगणं नाही. त्यांच्याकडं एका खोक्यात जुनी पुस्तकं होती, छापखाना बंद होताना उचलून आणलेली. त्यातलं एखादं उघडायच्या आणि माझ्यापुढं उलटं ठेवायच्या. "वाचू नकोस. नुसतं बघ. काय दिसतं?" मी म्हणायचे, काही नाही दिसत बाई, राखाडी चौकोन दिसतोय. "तेच बघायचंय. सगळीकडून सारखा राखाडी आहे का? कुठं ठिगळं आहेत का?" मग मी मांडलेलं पान तसंच उलटं धरायच्या. माझ्या पानात शब्दांमधल्या फटी एकीखाली एक येऊन वरून खालपर्यंत पांढरे ओहोळ गेलेले असायचे. "पान मांडलंयस का खाचराला पाणी सोडलंयस?" असं म्हणून कागद पालींच्या ढिगात.

आणि समास. त्यावर तर बाई देव पाण्यात घालून बसल्यासारख्या. मी पानाच्या कडेपर्यंत मजकूर नेला की माझा हात धरायच्या आणि कागद माझ्या हातात कोंबायच्या. "धर. पुस्तक वाचतेयस. अंगठा कुठं ठेवशील?" माझा अंगठा अक्षरांवर. "झाली चार अक्षरं मेली. आता पुढचं वाक्य काय अंगठा उचलून उचलून वाचायचं?" मग आतली बाजू. पुस्तक शिवलं, चिकटवलं की आतला कागद पाठीकडं ओढला जातो, म्हणून तिथंही जागा सोडायची. "वाचणाऱ्यानं पुस्तक उघडलं पाहिजे, फाडलं नाही," हे त्यांचं वाक्य मी झोपेतसुद्धा म्हणत असेन. मोकळी जागा म्हणजे वाया गेलेली जागा, हे माझ्या डोक्यातून काढायला त्यांना फार कष्ट पडले. मी नांद्याची. माझ्यापुढं आमच्या दारातली बोरीची झाडं जाऊन तिथं दुचाकी लावायची पत्र्याची शेड आली होती आणि सगळं घर खुशीत होतं.

पोटाला मात्र फ्लेक्स आणि पत्रिकाच. वाढदिवसाचे फ्लेक्स करताना बाई ओठ घट्ट मिटून काम करायच्या, संडास साफ करणाऱ्या माणसासारख्या. एकदा दोन चुलतभावांचा एकत्र फ्लेक्स होता. दोघंही बाजूला खुर्च्या टाकून बसले. एकाचा फोटो केसभर मोठा झाला की दुसरा म्हणायचा, "बाई, आमी काय वाटणीत कमी हाय का?" फोटो सारखे केले, तर एकाचा फेटा उंच निघाला. फेटे सारखे केले, तर दुसऱ्याच्या मिश्या रुंद. बाईंनी शेवटी दोघांनाही मापात कापून एकाच आकाराच्या गोलात बसवलं. दोघं खूश होऊन गेले. ते वळताच बाई मोरीत जाऊन खळखळून चूळ भरून आल्या.

मी एकदा विचारलं, "बाई, एवढी घाण वाटते, तर ह्यातलं एखादं तरी काम तुम्हाला आवडलंय का?"

बाई तपकिरीची डबी उघडत म्हणाल्या, "छापखान्यात मी पुस्तकंच करायची गं. आतली पानं. पण ती कशी? मालक सांगेल तेवढ्या पानांत कोंबून. कागद वाचला पाहिजे. कव्हरावर चित्र काढणाऱ्याचं नाव छापतात. छापणाऱ्याचं छापतात. आतलं पान कुणी मांडलं ते कुणी विचारत नाही." मग एक चिमूट ओढून म्हणाल्या, "एक पुस्तक करायचंय. मला शी वाटणार नाही असं एकच. त्यावर माझं नाव घालीन. तोवर कशावरच नाही."

आणि खरंच, त्यांनी केलेल्या हजार गोष्टींवर, अगदी दुकानाच्या पाटीवरसुद्धा, त्यांचं नाव नव्हतं. इतर दुकानदार पत्रिकेच्या तळाला बारीक अक्षरात आपलं नाव आणि मोबाइल नंबर घालतात. बाईंनी ते कधी केलं नाही.

मग शाळेचं पुस्तक आलं.

गावच्या शाळेला बरीच वर्षं झाली म्हणून मोठा कार्यक्रम ठरला. त्याचे पुढारी नाना. नाना म्हणजे माजी सरपंच, सध्या जमिनीचे व्यवहार. हिंजवडीपासून कासारसाईपर्यंत कुणाचं किती खाचर कुणाच्या नावावर आहे ते तोंडपाठ. गळ्यात बोटभर साखळी, पायात पांढरे बूट. नाना दुकानात आले आणि म्हणाले, "झेरॉक्सबाई, जुन्या पोरांच्या आठवणींचं पुस्तक काढायचंय. आपल्याला क्वालिटी पायजे. तुमाला काय करायचं ते करा, आमी मधी बोलणार न्हाई."

नाना गेल्यावर बाईंनी उठून टेबलाखालचे कप बाहेर काढले, विसळले, आणि दुकान झाडलं. पालींची पळापळ झाली. मी थक्क होऊन बघत राहिले.

ते दोन-तीन महिने बाई वेगळ्याच होत्या. मजकूर आला तो बरा-वाईट, बहुतेक "आमच्या वेळी छडी लागे छमछम" छापाचा. तो नीट करायचं काम माझं. त्यात बाईंचा सगळ्यात जास्त जीव कशावर बसला असेल, तर ठकूबाईच्या आठवणीवर. ठकूबाई धनगराची. दर वर्षी भात निघालं की तिच्या माणसांची मेंढरं आमच्या रानात खतासाठी बसायची, अजूनही उरलेल्या तुकड्यात बसतात. लहानपणी ती मेंढरं नांद्यात असतील तेवढेच दिवस शाळेत यायची. तिला लिहिता येत नाही. ती दुकानाच्या पायरीवर बसून बोलली, मी लिहून घेतलं. कोकरू बरोबर आणलं म्हणून मास्तरांनी तिला वर्गात घेतलं नाही. तर ही कोकरू मांडीत घेऊन खिडकीखाली बसायची आणि आतले पाढे ऐकायची. "त्याच पाढ्यावं आज मेंढरं मोजतीया मी," ती म्हणाली. "आत बसलेल्या पोरास्नी इच्चारा, त्यांला येत्यात का."

बाईंनी ते पान सगळ्यात आधी मांडलं. वरून खूप जागा सोडून, मजकूर खाली, बाजूला रुंद पांढरी पट्टी. "हिचं पान माळासारखं दिसलं पाहिजे," त्या म्हणाल्या. मग त्यांनी ते छापून घेतलं आणि हात लांब करून धरलं, उलटं धरलं, सुलटं धरलं. तपकीर लावलेली बोटं आधी पदराला पुसली. मी वाट बघत होते कधी शी म्हणतात त्याची. म्हणाल्या नाहीत. नाव घालायचं पान, सगळ्यात पुढचं, त्यांनी स्वतः केलं. तळाला एक लहान ओळ: मांडणी, कालिंदी शेवडे. तो कागद त्या पुन्हा पुन्हा डोळ्यांजवळ नेऊन बघत होत्या, आणि मला फार बरं वाटलं, कशाला खोटं बोलू.

नमुना घेऊन आम्ही शाळेत गेलो. व्हरांड्यात नाना आणि कमिटीची माणसं बसलेली. नानांनी पानं चाळली. मग एका पानावर थांबून त्यांनी बाजूच्या पांढऱ्या पट्टीवरून बोट फिरवलं, वरून खाली.

"हे काय ठिवलंय?"

"समास," बाई म्हणाल्या.

"कशापायी?"

"वाचणाऱ्याच्या अंगठ्याला जागा लागते."

नाना मोठ्यानं हसले. "आवो, अंगठ्याला येवढी जागा? आमच्या नांद्यात माणसाला न्हाई येवढी! हितं आजकाल मोकळं काय राहतं का बाई? कागदाचे पैसे द्यायचे आन् कोरा सोडायचा?" आणि खिशातून पेन काढून त्यांनी त्या पट्टीवर आडव्या रेघा मारल्या, एक, दोन, तीन. "ह्ये बघा. येका पानात चार बसत्यात. शुभेच्छुकांचे फोटो. छपाईचा खर्च हितंच निघंल."

देवाशप्पथ सांगते, त्या व्हरांड्यात अर्ध्या तासात समासाचं प्लॉटिंग झालं. वरच्या बाहेरच्या कोपऱ्याला सगळ्यात मागणी, कारण तो कॉर्नर. उजव्या हाताचं पान म्हणजे रोड-टच, रस्त्याला लागून असलेला प्लॉट, पुस्तक उघडलं की आधी दिसतं. एकानं तर आपल्या फोटोचं तोंड उगवतीकडं पाहिजे म्हणून सांगितलं, आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. भाऊभाऊ शेजारी नकोत. ठकूबाईच्या पानावर सगळ्यात जास्त मोकळी जागा, म्हणून ते अख्खं नानांनी घेतलं. मी बाईंकडं बघत होते. आता उठतील, कागद गोळा करतील आणि नानांच्या तोंडावर त्यांचं ते शी मारतील, अशी माझी खात्री होती.

बाई म्हणाल्या, "बरं. बघते कसं बसतं ते."

वाटभर मी त्यांच्या पुढं पुढं चालत राहिले. दुकानात आल्यावर मात्र माझा तोल गेला. "बाई, तुम्ही हो म्हणालातच कशा? मला गुलाब पुसायला लावलेत आणि हे चालतं तुम्हाला?"

"नाही म्हटलं तर ते पुस्तक दुसरीकडं नेतील."

"नेऊ दे की! जाऊ दे खड्ड्यात!"

"मला पुस्तक हवंय गं," बाई म्हणाल्या. असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. लहान पोर दुकानाबाहेर हटून बसतं, तसा. मला त्यांची कीव यायला हवी होती. आली ती शिसारी. तपकिरीची नाही, बुरशीच्या कपांची नाही. त्या सगळ्याची सवय झाली होती. ज्या बाईनं मला बघायला शिकवलं, ती डोळे मिटून घाणीत हात घालायला तयार झाली, ह्याची शिसारी आली. आजही आठवलं की तोंड कडू होतं.

आणि काम तरी काय सफाईनं केलं! पुस्तक छापल्यावर कडा यंत्रावर कापतात. फोटो अगदी कडेला ठेवले तर कुणाचा कान जाणार, कुणाचा खांदा. म्हणून बाईंनी फोटो आत घेतले. मग मजकूर अजून आत. अजून थोडा. अक्षरं लहान केली. ओळी एकमेकींच्या अंगावर चढल्या. शेवटी ओळींची आतली टोकं थेट पाठीच्या खाचेत जाऊन बसली. मी म्हटलं, "बाई, चिकटवल्यावर हे दिसणार नाही."

"माहीत्ये. फोटो कापला गेला तर हे लोक दुकान फोडतील. मजकूर बुडाला तर कुणाच्या लक्षातही येणार नाही." त्यांचा हात माउसवर सरसर चालत होता. ठकूबाईच्या पानावर पोचल्या तेव्हा क्षणभर थांबला. मग नानांचा हात जोडलेला, नानांचा फेट्यातला, नानांचा फोनवर बोलतानाचा आणि नानांच्या नातवाचा असे चार फोटो त्यांनी माळावर एकाखाली एक उभे केले.

छपाईला जायच्या आदल्या दिवशी नाना पुन्हा आले, घाईघाईनं. मेव्हण्याचा फोटो राहिला होता. बायकोनं घरात रान उठवलं होतं. आता कुठंच जागा नव्हती. नानांनी पडद्यावर पानं पुढंमागं करायला लावली आणि पहिल्या पानाशी थांबले. "ह्ये खाली काय? मांडणी, का... कालिंदी... ह्ये कोण?"

"मी," बाई म्हणाल्या.

"आसं व्हय! मग बाई, येवढी वळ काढा की. तितं बसंल मेव्हणा. तुमचा सत्कार आमी स्टेजवर करू, शाल-नारळ, चांगला."

मला मनातून सुटल्यासारखं झालं. मी म्हटलं, "काढा बाई. बरंच झालं. हे पुस्तक तुमचं नाहीच." म्हणायला ते खरंही होतं. त्या बरबटलेल्या पुस्तकावर नाव नसणं हीच काय ती अब्रू उरली होती, आणि नाना ती फुकट देत होते.

"नाही," बाई म्हणाल्या. "ओळ राहील."

नानांना कळेना. "आवो, पर तुमीच तर मगाशी ह्या पोरीला म्हणत व्हता, घाण झाली म्हणून. मी ऐकलं भाईरनं."

"झालीच आहे. ती मी केलीय." बाईंनी चष्मा काढून नानांकडं पाहिलं. "तुम्ही सांगितलंत, पण हात माझे होते. करायच्या वेळी केली, आता नाव काढून पळू कशी? नाव राहणार. नको असेल तर सगळं पुस्तक घेऊन जा."

जी गोष्ट त्या बाईनं समासासाठी केली नाही, ठकूबाईच्या पानासाठी केली नाही, ती असल्या ओळीसाठी केली. मी चिडले होते. नाना बडबडत गेले, आणि मेव्हणा शेवटी मागच्या कव्हरावर शाळेच्या घंटेशेजारी लागला.

त्या कार्यक्रमानंतर बाई नांद्यात फार दिवस राहिल्या नाहीत. भाचीकडं नाशिकला गेल्या, मशीन मला देऊन. फोनवर बोलणं होतं अधूनमधून, पण समोर त्या पुन्हा दिसल्या नाहीत. म्हणूनच की काय, कार्यक्रमाचा दिवस हाच माझ्या डोळ्यांपुढं राहिला आहे.

शाळेच्या पटांगणात मांडव. पुस्तकं वाटली गेली. जो तो सरसर पानं उलटून आपला फोटो शोधत होता, सापडला की शेजाऱ्याला कोपरानं ढोसत होता. वाचत कुणीही नव्हतं. वाचता येण्यासारखं नव्हतंच. बाई आणि मी मागे, शाळेच्या पायरीवर. ठकूबाई काठी टेकत आली, नवं लुगडं नेसून. मी तिच्या हातात पुस्तक दिलं.

"माजं कुटं हाय?" तिनं विचारलं.

मी पान काढून दिलं. ठकूबाईनं चार नानांकडं पाहिलं, वरून खाली. "आन् मी?"

"हे काय, शेजारी, हे सगळं लिहिलंय ते तुमचं," मी म्हटलं.

"मंग वाच की."

मी वाचायला गेले तर ओळींचे शेवट पाठीत बुडालेले. अर्धे शब्द दिसत होते, अर्धे नाही. मी अडखळले. तेव्हा बाईंनी माझ्या हातातून पुस्तक घेतलं, मांडीवर ठेवलं आणि दोन्ही तळव्यांनी जोर लावून सपाट दाबलं. पुस्तकाची पाठ कडकन मोडली. मांडवातली दोनचार माणसं वळून बघायला लागली. बाई वाचत राहिल्या, कोकराचं, खिडकीचं, पाढ्यांचं, एक शब्द न गाळता. ठकूबाई मान हलवत होती, जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट ऐकतेय. वाचून झालं तेव्हा पान सुटून बाईंच्या हातात आलेलं होतं.

"ह्यो कागद मी नेऊ?" ठकूबाई म्हणाली. "पर ह्ये बापे कशाला त्याच्यावं?"

बाईंनी कागद गुडघ्यावर ठेवला. फोटोंच्या कडेनं घडी घातली, घडीवरून अंगठ्याचं नख दोनदा फिरवलं आणि पट्टी सरळ फाडून काढली. उरलेला कागद ठकूबाईला दिला. तिनं तो चार घड्या करून चोळीत ठेवला आणि काठी उचलून निघाली, कारण मेंढरं एकट्या नवऱ्याच्या जिवावर होती. फाडलेली पट्टी टाकायला आसपास काही नव्हतं. बाईंनी ती चुरगळून उजव्या मुठीत धरली.

तेवढ्यात माइकवर पुकारा झाला, "आपल्या झेरॉक्सबाईंनी स्टेजवर यावं!" टाळ्या पडल्या. बाई उठल्या आणि त्या वाकलेल्या पाठीनं मांडवातून चालत गेल्या. स्टेजवर नानांनी त्यांच्या खांद्यावर शाल घातली आणि फोटोवाल्याकडं बघून हसत नारळ पुढं केला. बाई उजवी मूठ तशीच आवळून उभ्या राहिल्या. नाना नारळ पुढं धरून थांबले, हसू हळूहळू उतरायला लागलं, पुढच्या रांगेतल्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. मग सगळ्या गावादेखत बाईंनी डावा हात पुढं केला आणि नारळ घेतला.